कवळीकाकांची सकाळची प्रार्थना

कवळीकाकांना माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत असं नाही, पण पक्की खात्री हवी असेल तर त्यांना समोरच्याचं तोंड उघडं लागतं. रस्त्यात कोणी "काय काका, ओळखलंत का?" म्हणालं की ते आपले कसनुसं हसतात, इकडचं तिकडचं बोलतात, हवापाण्याची चौकशी करतात. मग त्या माणसाला एखादी जांभई येते आणि काकांचा चेहरा लख्ख उजळतो. "अरे, तुम्ही होय! वरची पूर्ण, खाली डावीकडच्या तीन दाढा. बोला, कसं काय?"

घराच्या खालीच त्यांचं दुकान. रस्त्याकडे एक खिडकी, पायाने वरखाली होणारी एक खुर्ची, सगळ्या सामानावर प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर अख्ख्या वस्तीचे जबडे ओळीने मांडलेले. नवखं गिऱ्हाईक आत आलं की आधी त्या फळ्यांकडे बघतं आणि आपलं तोंड घट्ट मिटून घेतं. काका म्हणतात, "घाबरू नका, ते चावत नाहीत. चावणारे मालकांकडे दिलेत."

घरात कामांची वाटणी ठरलेली होती. बिलं भरणं, गेलेले दिवे बदलणं, उंदीर पकडणं ही काकांची खाती. स्वयंपाक, शिवण आणि देव ही काकूंची. रविवारी काका चर्चमध्ये जात, नीट कोट घालून जात, पण देवाशी रोजचा व्यवहार काकूच बघत. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग वाचत आणि मग मोठ्याने प्रार्थना करत. त्यात निम्मी वस्ती येऊन जाई: कोणाचा गुडघा, कोणाची परीक्षा, कोणाचा दारूडा जावई. काका तेव्हा पलीकडे बेसिनपाशी दाढी करत उभे असत. त्यांचा वाटा एका शब्दाचा होता. शेवटी "आमेन" म्हणायचं, तेही फेसातून.

एका नावापाशी मात्र काका नळ पूर्ण सोडत. ते नाव त्यांच्या धाकट्या भावाचं.

दोघे भाऊ एकाच धंद्यातले. वडिलांनीच दोघांना शिकवलेलं. पुढे वडिलांचे स्वतःचे दात गेले, तेव्हा दोघांनीही त्यांच्यासाठी एकेक कवळी केली. वडील मोठे धोरणी. कधी याची घालत, कधी त्याची, आणि दोघांचंही तोंड भरून कौतुक करत. मग वडील गेले. चर्चमध्ये काका शेवटचं बघायला शवपेटीवर वाकले आणि वाकलेलेच राहिले. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण दात काकांचे नव्हते. पुढचे किंचित लांब, चकाकी जरा जास्त: धाकट्याची करणी! थोरल्याला न विचारता त्याने बाबांना आपली कवळी घालून कायमचं पाठवून दिलं होतं. काका तिथेच, पेटीपाशीच, त्याला नको ते बोलले, आणि तेव्हापासून आजतागायत एक शब्द बोलले नव्हते. लोक जमिनीवरून भांडतात, घरावरून भांडतात. हे दोघे दातांवरून भांडले, आणि ते दात तर त्याच दिवशी पुरलेही गेले होते.

असं सगळं सुरळीत चाललं असताना काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.

"आवाज परत येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्याला विश्रांती हवी. बोलायचं नाही. कुजबुज तर मुळीच नाही. मी सांगेपर्यंत."

काकूंनी मान डोलावली. टेबलावर कागद आणि पेन्सिल आली. 'मीठ संपलं', 'दार लावा', 'मोजे तुमच्या पायातच आहेत' एवढे व्यवहार त्यावर भागत. पण सकाळची प्रार्थना कागदावर कशी करणार? डोळे मिटलेले असतात, लिहिणार कोण आणि वाचणार कोण! मनातलंही देवाला ऐकू येतं हे काकूंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांना घराला ऐकवत देवाशी बोलायची सवय. पहिले काही दिवस त्या वेळेवर टेबलाशी येऊन नुसत्या बसल्या. मग उशिरा येऊ लागल्या. मग एका सकाळी आल्याच नाहीत. पलंगावरच भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

काका अर्ध्या गालाला फेस लावून दारात आले. "अगं, उठायचं नाही का?"

काकूंनी उशाची पेन्सिल घेतली. 'एकटीने होत नाही.'

ऑपरेशनच्या दिवशीही काका इतके घाबरले नव्हते. घर गप्प आहे याचं त्यांना इतके दिवस काही वाटलं नव्हतं. आता वाटलं की आपली बायकोच हळूहळू आत आत चालली आहे, आणि तिला बाहेर बोलवायला आपल्याकडे हाक नाही.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, मग तुम्ही म्हणा ना प्रार्थना."

"मी?"

"का? तोंडाचंच तर काम आहे तुमचं."

"दुसऱ्यांच्या तोंडाचं, बाळ."

"आईसमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि बोलायचं."

"पण बोलू काय?"

"गिऱ्हाइकांशी काय बोलता?"

"आ करा, म्हणतो."

"मग आता तुम्ही आ करा," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकांनी दाढी आधी उरकली. काकूंना हाताला धरून टेबलाशी आणून बसवलं. स्वतः समोर बसले, खाकरले, पाणी प्यायले, पुन्हा खाकरले. शास्त्रातला भाग अडखळत वाचून झाला. मग डोळे मिटले, आणि आयुष्यात लिहिलेले सगळे अर्ज त्यांच्या मदतीला धावून आले.

"सर्वसमर्थ परमेश्वर यांस... सविनय निवेदन करण्यात येते की... आमच्या कुटुंबाची प्रकृती... तरी या बाबतीत आपण जातीने लक्ष घालून... योग्य ती कार्यवाही..." इथे काकांना धाप लागली. "कळावे. लोभ असावा. आमेन."

त्यांनी डोळे उघडले. काकूंचे खांदे गदागदा हलत होते. काका घाबरून उठले. मग त्यांच्या लक्षात आलं की काकू रडत नाहीयेत. हसायलाही डॉक्टरांची मनाई होती, म्हणून काकूंनी भांडी पुसायचं फडकं तोंडावर दाबून धरलं होतं, आणि त्यावरून फक्त डोळे दिसत होते, पाणावलेले.

काका रागावले. "झालं ते झालं! उद्या मी काही बसणार नाही."

पण दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले तर काकू त्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. शास्त्र उघडून, खूण काढून तयार. आता बसणं भाग होतं.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब आपली खालची कवळी घेऊन दुकानात आले. ती शीळ घालत असे, आणि प्रवचन रंगात आलं की पुढच्या बाकावरची पोरं प्रत्येक शिट्टीला एकमेकांना कोपरखळ्या मारत. काका कानस चालवत होते. पाळकसाहेब बिनदातांचे, निवांत बसले होते.

"पाळकसाहेब, प्रार्थना चुकली तर काय होतं हो?"

"माझं प्रवचन चुकलं तर लोक झोपतात," पाळकसाहेब बोळक्या तोंडाने म्हणाले. "तुमची प्रार्थना चुकली तर देव झोपत नाही. एवढाच फरक."

"मला शब्दच सुचत नाहीत."

"इथे दुकानात बोलता तेच बोला. थोडं वाचायचं, थोडं मागायचं, थोडं गप्प बसायचं. आणि रोज. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, कवळी पेल्यात ठेवली तर कधीच बसणार नाही, घालत राहा म्हणून?"

असं काहीतरी पाळकसाहेब म्हणणारच. त्यांचं पोटच त्यावर आहे. पण काकांना ते पटलं. दुकानातलं बोलायचं तर त्यांना येत होतं.

मग काकांची प्रार्थना सुरू झाली ती खरी. "प्रभू, काल ती वरची पूर्णवाली बाई आली होती. तिच्या हिरडीला सूज आहे, ती उतरू दे. समोरच्या गल्लीतले ते पुढचे चार पडलेले आजोबा, त्यांना जिना चढवत नाही. आणि तो सुळ्याला सोन्याचं टोपण घातलेला बसवाला..." काकांना नावं येत नसत, पण देवालाही सगळ्यांची दाढ न् दाढ माहीत असणार असा त्यांचा हिशेब होता.

काकूंनी यात आपली जागा शोधून काढली. डोळे मिटलेले, बोलायची बंदी; मग त्यांनी चहाचा चमचा हातात घेतला. कोणाचं राहिलं असेल तर टेबलावर एकदा 'टक्'. सगळं बरोबर झालं की दोनदा, 'टक् टक्'. ते आमेन. काका घाईघाईत आटपू बघत आणि मध्येच 'टक्' येई. "हं, हं, आठवलं. शेजारच्या आजी." 'टक्.' "बरं, त्यांचा मुलगा पण." 'टक्.' "आणि सून. माहीत आहे मला, सूनही माणूसच आहे." 'टक् टक्.'

नुसतं 'तिचं भलं कर' म्हटलेलं काकूंना चालत नसे. काय भलं, ते सांगावं लागे. त्यामुळे काकांवर भलताच प्रसंग आला. त्यांना गिऱ्हाइकांची चौकशी करावी लागू लागली.

"काय त्रास होतोय?"

"उजवीकडे टोचतं काका."

"ते बघतो मी. घरी काय त्रास?"

बसवाला आधी चमकला. मग म्हणाला, "मुलगा परगावी आहे. फोन उचलत नाही." आणि मग खुर्चीतून उठायलाच तयार होईना. दुकानात माणसं कवळी दाखवून झाल्यावरही बसून राहू लागली. "काका, उद्या सकाळी तेवढं माझ्या बहिणीचं घाला हं," असं सांगून जाऊ लागली, जसं काही काका पोस्टाच्या पेटीकडेच निघाले आहेत. काकांनाही चेहरे ओळखू येऊ लागले. आणि काकू? काकू उठून केस नीट विंचरून येत, टेबलावर स्वच्छ कापड घालत, आणि चमचा हातात धरून, एखाद्या बँडच्या तालमीला बसावं तशा बसत.

हे असंच चाललं असतं तर काकांची काही तक्रार नव्हती. पण एका सकाळी वाचनात मेंढपाळाची गोष्ट आली. कळपातलं एक मेंढरू हरवतं आणि तो बाकीची सगळी सोडून त्याच्यामागे जातो. वाचून झाल्यावर काकांना आपली अक्कल पाजळायची लहर आली.

"दातांचंही असंच असतं, प्रभू," ते डोळे मिटून म्हणाले. "बाकीचे सगळे धड असतात, पण एक पडला की जीभ सारखी तिथेच जाते."

बोलून गेले आणि त्यांनाच कसंतरी झालं. त्यांनी भराभर सगळ्यांची नावं, म्हणजे दाढा, घेतल्या आणि म्हणाले, "आमेन."

'टक्.'

काकांनी आठवून आठवून आणखी चार माणसं काढली. 'टक्.' शेजारच्यांची मांजर आजारी होती, तीही घातली. 'टक्.' काकांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. काकू डोळे मिटून शांत बसल्या होत्या. चमचा हवेत तयार. कोण राहिलं आहे हे काकांना चांगलं माहीत होतं. नळ लांब होता.

त्या दिवशी ते आमेनशिवायच दुकानात गेले. दिवसभर त्यांना घरी गॅस चालू ठेवून आल्यासारखं वाटत राहिलं. एका आजोबांच्या वरच्या कवळीत त्यांनी दोन दाढा उलट्या बसवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पळवाट काढली. "आणि जे कोणी राहिले असतील त्यांचंही बघ." 'टक्.' तिसऱ्या दिवशी, "आणि आणखी एक इसम." 'टक्', जरा जोरात. मग एकदा दातओठ खाऊन, "आणि माझ्या धाकट्या भावाला सद्बुद्धी दे." यावर चमचा असा काही आपटला की बशीचा टवका उडाला.

पुढच्या सकाळी काका हळू आवाजात म्हणाले, "धाकट्याचं बरं कर."

शांतता. काकांना वाटलं, सुटलो.

'टक्.'

"आता काय?" काकांनी डोळेच उघडले. "बरं कर म्हटलं ना! मनापासून म्हटलं!"

काकूंनी पेन्सिल घेतली. 'काय बरं कर?'

"ते मला काय माहीत? त्याला काय हवंय, काय नकोय..."

काकू उठल्या, खुंटीवरचा काकांचा कोट काढला आणि त्यांच्या हातात दिला.

धाकट्याचं दुकान बाजाराच्या पलीकडच्या टोकाला होतं. काका इतकी वर्षं तो रस्ता टाळत आले होते, त्यामुळे पाटी नवीन रंगवलेली त्यांना आज दिसली. आत धाकटा चहात पाव बुडवून खात होता. थोरल्याला दारात बघून त्याच्या हातातला पाव चहात पडला. चेहरा पांढराफटक झाला.

"दादा? वहिनी... वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. तिनेच पाठवलंय."

धाकट्याने भिंतीला हात टेकला. "कशाला?"

"तुला काय हवंय ते विचारायला."

"मला? का?"

"देवाकडे मागायचंय," काका चिडून म्हणाले. "नुसतं बरं कर म्हटलेलं चालत नाही तिला."

धाकट्याने तोंडाचा आ केला, आणि काकांना जे दिसायचं ते दिसलं.

"तुझे खालचे कुठे आहेत?"

धाकट्याने ओशाळून वरच्या खिशावर हात ठेवला.

"काढ बघू." काकांनी कवळी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. "माप कोणी घेतलं?"

"मीच. आरशात बघून."

"आरशात बघून? स्वतःचं? बाबांनी काय शिकवलं होतं रे तुला?"

"आपलं माप आपण घ्यायचं नाही, असंच शिकवलं होतं."

"मग जायचंस कोणाकडे तरी!"

"चांगलं माप घेणारा मला एकच माणूस माहीत आहे," धाकटा पावाच्या चहाकडे बघत म्हणाला. "आणि तो माझ्याशी बोलत नाही. किती दिवस झाले दादा, बुडवल्याशिवाय काही खाल्लेलं नाही मी."

काकांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या सरसावल्या आणि धाकट्याच्याच दुकानात मापाचा लगदा कुठे असतो ते शोधू लागले. बाबा आपल्या दुकानात ठेवत तसाच तो खिडकीखालच्या खणात होता.

"दादा, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"माप झाल्यावर विचार."

"नाही, आधीच. बाबांच्या कवळीचं." धाकटा खुर्चीत ताठ बसला. "ते मला बाबांनीच सांगून ठेवलं होतं. म्हणाले, जेवायला मला दादाचीच लागते, पण चारचौघांत जायचं असेल तर तुझी घाल. मी तुला सांगायला गेलो, तर तू ऐकूनच घेईनास. आता तूच सांग, आडवं पडून कुठे जेवायचं होतं त्यांना?"

काका हातात लगदा घेऊन उभे राहिले. जेवायला दादाची. आधी त्यांच्या मिशा थरथरल्या. मग पोट. मग ते इतके हसले की शेजारचा चांभार डोकावून गेला. धाकटाही हसत होता, वरच्याच दातांनी.

"आ कर," काका डोळे पुसत म्हणाले.

लगदा तोंडात गेला की तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. धाकटा डोळे मोठे करून बसला. काका त्याची हनुवटी धरून उभे होते. आता निदान उलट उत्तर येणार नव्हतं.

"त्या दिवशी पेटीपाशी मी तुला जे बोललो," काका म्हणाले, "ते बोलायला नको होतं. चुकलंच माझं."

धाकट्याच्या घशातून काहीतरी आवाज आला.

"बोलू नकोस, माप हलेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात काकांनी डोळे मिटले आणि सगळ्यांच्या आधी त्याचंच काढलं. "प्रभू, धाकट्याची खालची कवळी बसू दे. माप मीच घेतलंय, पण तरी बसू दे. त्याला पाव कोरडा खाता येऊ दे. त्याला दुकानात एकटं बसून कंटाळा येतो, तेही बघ. आणि मी इतकी वर्षं..." इथे ते अडकले. वाक्य काही पुढे सरकेना. ते तसंच राहिलं.

'टक् टक्.'

आणि मग टेबलावरून एक हात सरकत आला आणि काकांच्या प्लास्टरने पांढऱ्या पडलेल्या नखांवर येऊन थांबला.

कवळी बसली. धाकट्याने भर दुकानात पावाचा कडक तुकडा मोडून चावला, डोळे मिटून चावला, आणि बराच वेळ चावतच राहिला. गिळल्यावर म्हणाला, "दादा, तुम्ही दोघं सकाळी प्रार्थनेला किती वाजता बसता?"

"का?"

"मी आलो तर चालेल?"

"चालेल. पण उशीर केलास तर तुझं मागून झालेलं असेल हं."

तो लवकरच आला, केस ओले, भांग पाडलेला, शाळेच्या पहिल्या दिवशी यावं तसा. काकूंनी त्याला खुर्ची दिली आणि त्याच्या गालावर चापटी मारली. त्यात इतक्या वर्षांचं सगळं बोलून झालं. काकांनी वाचलं. मग तिघांनी डोळे मिटले. काका सुरुवात करायला खाकरणार, एवढ्यात धाकट्यानेच तोंड उघडलं.

"प्रभू, हा माझा दादा," तो म्हणाला. "याचे हात असेच स्थिर राहू देत. याचं डोकं जरा लवकर तापतं, ते तू बघ. आणि याला कोणीतरी सांग की मला याच्याशिवाय करमत नाही."

काकांनी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं. काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, आणि काकांनी तो डोळा मिटून घेतला.